कळवणच्या पाकिटांसह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, श्रीमती यशोदाबाई कारभारी गांगुर्डे, वय बहात्तर, निवृत्त परिचारिका, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे मी नोकरीभर रुग्णांना नाव-गाव विचारून ठरवत आले. त्यामुळे डॉक्टरांच्या दाखल्याबरोबर माझंही मत धरावं. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. भाच्यानं प्रयत्न केला, ते पुढं येईल.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव माझी मुलगी चैताली हिला. तिला स्वयंपाकघराची फरशी कधीच आवडली नाही. आता खुशाल बदलावी.

२. माझे पती कालकथित कारभारी यांची पुस्तकं वसाहतीतील विहाराच्या वाचनालयास. समितीनं आधी कपाटाला कुलूप लावावं. मागे दिलेला शब्दकोश कुणीतरी नेला तो परत आला नाही. कुणी नेला, ते मला माहीत आहे व त्यांनाही.

३. माझे मधले भाऊ कालकथित सहादू पगारे पाटबंधारे खात्यात लिपिक होते. लग्न झालं नाही. शेवटच्या आजारात ते माझ्याकडे होते व जाताना त्यांनी आपला टपाल तिकिटांचा संग्रह मला दिला : काही अल्बम आणि पाकिटांनी भरलेली बुटांची तीन खोकी. तेव्हा थोरल्या भावाचा मुलगा प्रफुल्ल म्हणाला, “आत्या, रद्दी आली बघ तुझ्या वाट्याला.” पुढं कुठलंसं जुनं तिकीट कोटीला गेल्याचं त्यानं मोबाइलवर पाहिलं आणि तो सीताफळं घेऊन आला. त्याआधी तो काही घेऊन आल्याचं मला आठवत नाही.

मला तिकिटांतलं काही कळत नव्हतं. पण दुसऱ्यानं किंमत सांगण्याआधी आपण शिकावं, असं ठरवलं. ड्रेसिंगचा चिमटा उकळून घेतला, भिंग आणलं. सगळ्यात जुनं तेच सगळ्यात महाग असणार, असं धरून ते तिकीट पंचवटीत जुनी नाणी-तिकिटं विकणाऱ्या मुबीन अत्तार यांच्याकडे नेलं.

“ताई, जुनं म्हणजे महाग नव्हे,” ते म्हणाले. “हे ढिगानं छापलेलं. आणि मागं बघा, चिकटवून उपटलंय.”

दातेरी कडा कशा मोजायच्या, कागद उजेडाला कसा धरायचा, हे त्यांनी शिकवलं. मी दर शनिवारी जाऊ लागले. शेवटचा अल्बम पाहून झाला तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग अल्बम मिटून माझ्याकडे सरकवला. वाईट बातमी देण्याची ही पद्धत माझ्या ओळखीची आहे.

“आणखी काही आहे का?”

“साधी पाकिटं आहेत. वर नेहमीची तिकिटं.”

“तशीच आणा. त्यांना काही करू नका.”

मी घरी आले तेव्हा प्रफुल्ल कात्री घेऊन बसला होता. मला मदत व्हावी म्हणून त्यानं दोन खोक्यांतली तिकिटं चौकोनी कापून काढली होती आणि पाकिटं रद्दीवाल्याला दिली होती. “सुटसुटीत झालं ना, आत्या?” तो म्हणाला. मी रद्दीवाल्याकडे गेले. गाडी भरून गेली होती.

मुबीनभाईंनी तिसरं खोकं उघडून एकेक पाकीट भिंगाखाली धरलं. “ताई, मोल तिकिटाला नाही, शिक्क्याला आहे. ही कळवणकडची खेड्यांतली पोस्टं. कितीतरी बंद झाली. प्रत्येकाचा शिक्का, तारखेसकट. असं कुणी जमवत नाही. बाकीची कुठंयत?”

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

सबब, कापलेली सर्व तिकिटं प्रफुल्ल यास देण्यात यावीत. सोबत कात्रीही द्यावी.

४. तिसऱ्या खोक्यातलं प्रत्येक पाकीट सहादूदादानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावे लिहिलेलं आहे. शिक्के आणि तारखा बघून आता उलगडा झाला : रजा काढून तो एसटीनं कळवणला जायचा, तिथून आडबाजूच्या खेड्यांत पायी जाऊन पाकीट पेटीत टाकायचा, आणि ते आमच्या जुन्या घरी पोहोचायचं. घरी सगळ्यांना इतकंच ठाऊक होतं की सहादूला कळवणकडून पाकिटं येतात. आमच्या थोरल्या वहिनी रंगूबाई यांनी त्यावरून चांदवडच्या स्थळाला कळवलं, “त्याचं तिकडं हाय कुणीतरी.” ठरत आलेलं लग्न मोडलं. दादा कुणालाही काही बोलला नाही. मला वाटतं, स्वतःला रिकामी पाकिटं धाडतो असं सांगितलं असतं, तर लोक वेडा म्हणाले असते. कुणीतरी आहे, यात निदान अब्रू होती.

हे खोकं चैतालीला. विकायचं झाल्यास सगळं एकत्र विकावं. कात्री लावू नये.

५. हे कलम रंगूबाईंविषयी होतं व बरंच लांब होतं. मी ते लिहीत असतानाच त्या आल्या. वय ऐंशीच्या पुढं, वाचता येत नाही. पाकिटं बघायला मागितली. मी एकेक उघडून दाखवलं.

“काय लिव्हलंय यात?”

“काही नाही. रिकामी आहेत.”

“मंग कळवणला कोण व्हतं?”

“पोस्ट.”

त्यांनी एक पाकीट उचलून आत बोट घालून पाहिलं. “लय बोलले मी त्याला,” त्या म्हणाल्या. “आन् त्यानं माझ्या हातची भाकर कधी नाय म्हनली नाय.” मग डोळ्यांना पदर लावला. मी पाणी दिलं.

सदर कलम खोडलं असून खोडलेल्या जागी माझी सही आहे.

६. ज्यांना या मृत्युपत्रानं काही मिळत नाही, अशांनीच साक्षीदार व्हावं, असं वकिलांनी सांगितलं आहे. मुबीनभाईंना काही दिलेलं नाही. रंगूबाईंनाही नाही. मी त्यांना विचारलं.

“मला काय कळतंय त्यातलं, यशोदा?”

“कळायचं काही नाही, वहिनी. मी सही करताना बघायचं. कुणी विचारलं तर जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं.”

“तेवढंच सांगंन,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या.

लिहून देणार : यशोदाबाई कारभारी गांगुर्डे (सही)

समक्ष साक्षीदार :
मुबीन अत्तार, पंचवटी (सही)
रंगूबाई कोंडाजी पगारे (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : नाशिकरोड
दिनांक : १९ ऑक्टोबर २०२४