हात वर करण्याबाबत

ती. दाजींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, ताईचा रक्तदाब आणि तुम्ही ज्यांच्या हाताखाली कंपाउंडर आहात त्या कानाच्या डॉक्टरांचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असावेत. (कंपाउंडरला तिसराच जास्त छळतो, हे मी जाणतो.) आमचं विचाराल तर श्वास चालू आहे.

आमच्या खिळ्यांच्या कारखान्यातला संप एकाहत्तराव्या दिवशी मिटला आणि तो माझ्या हातामुळे मिटला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. झालं असं, की फाटकासमोर सभा भरली आणि युनियनचे नेते म्हणाले, फैसला कामगारांनीच करावा. (वीस वर्षांत त्यांनी आम्हाला एवढा मान कधी दिला नव्हता, तेव्हाच ओळखायला हवं होतं.) कर्णा जुनाट, त्यात सत्तावीस वर्षं यंत्रांचा खडखडाट ऐकून माझे कान कामातून गेलेले. लढा चालू ठेवायचा त्यांनी हात वर करा, असं विचारलंय समजून मी हात उंच केला. प्रश्न निघाला कामावर जायचं त्यांचा. मोजणीत एक हात जास्त भरला. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. संप मात्र मिटतो.

मालकाने निम्मे आत घेतले, निम्मे ठेकेदाराकडे ढकलले. नेत्यांना आठवड्याभरात सत्ताधारी पक्षाचं तिकीट मिळालं. बाहेर राहिलेले त्यांच्या दारात गेले, तर या खेपेला हात वर केले ते नेत्यांनी. मी आत आहे, दाजी. माझ्या शेजारच्या यंत्रावरचा, सत्तावीस वर्षं माझ्या डब्यात जेवलेला, तो बाहेर. सगळी गल्ली मला फितूर म्हणते ते सोसवतं, त्याचं मान फिरवणं सोसवत नाही. परवा त्याला रस्त्यात गाठून बहिरेपणाची शपथ घेतली. त्याने पाठ करून हळूच विचारलं, "किती वाजले रे?" मी वेळ सांगितली. तो निघून गेला.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेव्हणा

ता. क. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा, दोन्ही कान निकामी असल्याचा दाखला मिळाला तर बरं होईल. तारीख सभेच्या आधीची हवी.

ता. क. २. तुम्हाला खोटं लिहवत नाही. प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला होता. ही रोज ताटावर बसायची आणि भूक नाही म्हणून उठायची. सत्तर दिवस कुणाची भूक मरते, दाजी?

ता. क. ३. हे हिला कळू देऊ नका. कामावर जायचं नाही, हे त्या सकाळी मला बजावून पाठवणारी तीच होती. आता मला बहिरा समजून बिचारी घसा फोडून बोलते.