ब्युइकवरची दोन नावं

चि. मर्ल यास,

कॅन्ससहून तुझ्या आर्डिथताईचे भरपूर आशीर्वाद, तुझ्या बायकोला वेगळे. तुझा गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तू फ्रीजपर्यंत चालत असशील, मी ओळखते ना तुला.) इथे सगळं उत्तम. गहू कापून झाला, आणि आपली धाकटी बहीण लव्हॉन अडुसष्टाव्या वर्षी लग्न करतेय! नवरदेव ड्वेन फ्रीसन. आधी खतं विकायचा, आता निवृत्त. माणूस चांगला आहे. तो बोलायला लागला की ऐकणाऱ्याला झोप लागते, पण आमच्या वयात झोप लागणं हेही काही कमी नाही. लग्न झाल्यावर दोघं ॲरिझोनाला जाणार, आणि लव्हॉनला ब्युइक गाडी बरोबर न्यायचीय.

आता ही ब्युइक म्हणजे लव्हॉनची आणि माझी, दोघींची. दोघींचे नवरे गेले तेव्हा आम्ही मिळून घेतली आणि मालकीपत्रावर दोघींची नावं घातली. गेली चौदा वर्षं लव्हॉन चालवते आणि मी शेजारी बसून कसं चालवायचं ते सांगते, म्हणजे खरं काम कोण करतं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. नावं जोडून असल्यामुळे एकीच्या सहीनं पान हलत नाही. (नवऱ्याच्या घरात मला कधी इतका मान नव्हता.) तरी मी लगेच म्हटलं, घेऊन जा, माझं नाव काढून टाकू. मन मोठं लागतं बाबा त्याला, आणि ते माझ्याकडे आहे.

मंगळवारी आम्ही कौंटीच्या कचेरीत गेलो. ड्वेन नवी टोपी घालून आला होता. कारकून बाईंनी कागद पुढे सरकवला, लव्हॉननं सही केली, मग मी पेन घेतलं आणि एका झटक्यात सही ठोकली. पडली ती गाडी घेणाऱ्याच्या ओळीवर. म्हणजे कागदाच्या हिशेबानं मी माझीच गाडी माझ्याकडून घेत होते! बाई ‘थांबा थांबा’ म्हणेपर्यंत मी ती खोडलीसुद्धा. या कागदावर एक रेघ मारली की त्याची रद्दी होते, हे तुला मी सांगायला नको. आता राजधानीहून नवा कागद येईल, तीनेक आठवड्यांनी.

परतताना धान्याच्या कोठाराशी लव्हॉननं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, “ताई, मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सांग. असले खेळ नकोत.” मी म्हटलं, रस्त्याकडे बघ. जेवताना मात्र तिचा आवाज एकदम खाली आला. “तुला ओळ दिसली ना गं?”

“न दिसायला काय झालं? मुद्दाम तिथे सही केली,” मी म्हटलं.

ताट आपटून उठली. ड्वेन बिचारा मान खाली घालून बटाटे खात राहिला. तेव्हापासून अबोला आहे. असू दे. चूक माझी नाहीच, नेहमीप्रमाणे.

तुझी,
आर्डिथताई

ता. क. लव्हॉन तुला फोन करेल. तिला ठासून सांग की आर्डिथ लहानपणापासूनच आडमुठी आहे, हे तिनं हट्टानंच केलं असणार. दोन-तीन उदाहरणं दे. खोटी चालतील. खरी देणार असशील तर जरा जपून निवड.

पुन्हा ता. क. मर्ल, मला त्या कागदावर ओळ दिसलीच नाही रे. सगळं राखाडी. हे पत्र जाड मार्करनं लिहितेय ते उगाच नाही. डोळ्यांचं लव्हॉनला कळलं तर ती ड्वेनला एकट्यालाच पाठवेल आणि मला सांभाळत इथेच बसेल. माझ्यावर चिडली तर निदान जाईल तरी. ती गेल्यावर मला करमणार नाही, ते मी बघून घेईन. नवा कागद आला की तू ये. कचेरीत माझ्या शेजारी बस आणि बरोबर ओळीवर बोट ठेव. कोणी विचारलंच तर सांग, ताईनं पुन्हा वात्रटपणा करू नये म्हणून पहारा देतोय.