बुडालेला जॅक

बोरिवली (पश्चिम),
८ ऑक्टोबर १९८६

चि. चंदू यास,

नलूताईचे आशीर्वाद. (सध्या निम्मेच पाठवते आहे. उरलेले तुझे उत्तर आल्यावर.) सौ. शकूचे गुडघे कसे आहेत? नाशिकच्या थंडीला दोष देण्याआधी गच्ची अनवाणी धुणे बंद कर, असे तिला माझ्या नावाने सांग. तुझे ब्लडप्रेशर विचारत नाही, कारण पत्र वाचून होईपर्यंत ते बदललेले असेल. माझी प्रकृती उत्तम आहे. उजव्या खांद्याचे कारण पुढे येईलच.

तुझे इनलँड पोचले. एवढा मोठा कागद, आणि त्यावर दोन ओळी: बाबांचा ट्रॅक्टर दसऱ्यापर्यंत चिखलातून वर आला तर ठेव, नाहीतर भंगारवाला येऊन तोडून नेईल, जॅक लावायचा आणि उचलायचा, त्यात काय आहे? चंदू, बत्तीस वर्षे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माणसे किती थोड्या शब्दांत किती चुकीचे बोलू शकतात, हे मी कानाने ऐकले आहे. तरी तू उच्चांक केलास. जॅक कशावर लावायचा, एवढे लिहायला इंजिनिअर माणसाची शाई संपली होती का?

म्हणून मागच्या मंगळवारी मी तरीने गोराईला गेले. विहिरीमागे ट्रॅक्टर उभा होता, म्हणजे तीन चाकांवर उभा आणि चौथ्यावर बसलेला. मागचे उजवे चाक निम्मे जमिनीत. मानपान कमी पडला म्हणून एका कुशीवर कलून बसलेला व्याही असतो ना, तसा. वाडी सांभाळणारा काशीराम आणि त्याचा मेहुणा भाऊ हातात तुझा जुना गाडीचा जॅक घेऊन तयार होते. आता, लोखंडाला हात लावण्यापूर्वी नारळ फोडायचा हा काशीरामचा नेम तुला माहीत आहे. (गेली अकरा वर्षे हा ट्रॅक्टर जागचा हललेला नाही, पण एकही दसरा बिनहाराचा गेलेला नाही. काशीराम हँडल मारून पाच मिनिटे इंजिन चालवतो, नमस्कार करतो आणि बंद करतो. गिअरला मात्र तो देवाच्या मूर्तीसारखा लांबूनच भितो.) नारळ फुटला आणि त्याचे सगळे पाणी काशीरामने भक्तिभावाने नेमके तिथेच ओतले, जिथे जॅक ठेवायचा होता. आधीच ती जमीन म्हणजे गार झालेला शिरा!

काशीराम दांडा फिरवू लागला. "बाई, येतोय वर! येतोय!" भाऊही म्हणाला, येतोय. पुरुष दोघे मिळून एखादी गोष्ट सांगू लागले की मला पडताळून पाहायची इच्छा होते. मी मडगार्डला छत्री टेकवून उभी धरली आणि छत्रीच्या मुठीशी मडगार्डवर कुंकवाचे बोट ओढले. वीस मिनिटांनी कुंकू होते तिथेच होते. जॅक मात्र गळ्यापर्यंत जमिनीत गेला होता. ट्रॅक्टर वर येत नव्हता, जॅक पाताळाला निघाला होता.

तुला राग आला असता. मला नवल वाटले. त्याच चिखलावर मी उभी, भाऊ उभा, बाकीची तीन चाके उभी, मग हा जॅक एकटाच का बुडतो? हा प्रश्न मी काशीरामला विचारला तर तो म्हणाला, "बाई, त्याची येळ खराब." मग त्याने जॅकखाली आईचा जेवणाचा पाट घातला. पाटाचे दोन पाट झाले. त्यानंतर एक दगड घातला. त्यावर ट्रॅक्टर खरोखरच चार बोटे वर आला, आणि भाऊ त्याच्याखाली शिरला. कशासाठी? चिखलात रुतलेली चप्पल काढायला! मी इतक्या जोरात ओरडले (इंग्रजीत, शाळेतल्या सिस्टर फिलोमिनाच्या आवाजात) की तो घाबरून बाहेर आला. तेवढ्यात दगड कलला, जॅक निसटला आणि ट्रॅक्टर धप्पकन खाली बसला. चप्पल अजून तिथेच आहे. चंदू, मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. 'त्यात काय आहे' हे तुझे शब्द तेव्हा मला पाठ म्हणून दाखवता आले असते.

इतक्यात कुंपणापाशी पुतळाबाई कोळीण मासळीची पाटी उतरवून उभी राहिली. कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो बाय, होरी डांबर लावाया वर घेतो, तवा खाली फली नाय टाकत? वालू गिलते ना सगला!" आणि होडीखालच्या त्या फळीवरून एकदम मला वर्गातला फळा दिसला. वजन तेवढेच, पण टेकायला जागा मोठी की दाब कमी. सिस्टर फिलोमिनाने हे शिकवले तेव्हा मला पैकीच्या पैकी मार्क होते. समजले मात्र आता, पुतळाबाईकडून.

मग मी छत्री हातात घेतली. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगडांचे अडसर लावले. पुढच्या चाकांचा आस मधोमध एका खिळीवर पाळण्यासारखा डोलतो, हे कुणी पाहिलेच नव्हते. ट्रॅक्टर कलू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी पाचर ठोकली. जॅकखाली रुंद, जाड सागवानी फळी टाकली (कुठून आणली, ते महत्त्वाचे नाही). चार बोटे उचलायचे, लगेच खाली नारळाच्या खोडाचे ओंडके उभे-आडवे रचायचे, मगच पुन्हा चार बोटे. खाली डोके घालणाऱ्याला छत्रीचा प्रसाद. शेवटी खड्ड्यात दगड भरले, वर तसलीच दुसरी फळी अंथरली आणि चाक अलगद त्यावर टेकवले. दांड्याची एक पाळी मीही घेतली. म्हणून खांदा.

ट्रॅक्टर चार चाकांवर सरळ उभा आहे. दसऱ्याला चार दिवस आहेत. शब्द तुझा होता.

तुझी थोरली बहीण (पत्र लिहिताना अधिकच थोरली),
नलिनी

ता. क. भंगारवाला कालच येऊन टपकला. बिचारा लांबून आला होता, रिकाम्या हाती कसा पाठवायचा? तुझा जॅक दिला. तसाही तो वाकला होता.

ता. क. २. तुझ्या वाडीवरच्या खोलीला दार नाही. दोन्ही झडपा सागवानी होत्या. एकीला भोक पडले आहे. दुसरी चाकाखाली आहे, आणि ट्रॅक्टर चालवत पुढे नेल्याशिवाय निघणार नाही. तो चालवणे फक्त तुला येते.

ता. क. ३. तेव्हा दसऱ्याला ये. पण चालवायला नव्हे, शिकवायला. ट्रॅक्टर आला त्या दिवशी बाबांनी तुला सीटवर बसवले. तू सोळा वर्षांचा, मी एकवीस. मला म्हणाले, तू खाली उभी राहा आणि दगड दिसला की ओरड. चाळीस वर्षे मी ओरडते आहे. या वेळी खाली तू उभा राहा.