डाव्या कमरेचा चोरखिसा

१४ मार्च, शनिवार
रूपालीचा पांढरा कोट दोरीवर वाळून राह्यला. माही नात नर्स झाली, सात महिने झाले तरी मले तो कोट पाहाले गोड वाटते. शेजारची पारबताबाई मोहफुलं वेचून चालली होती, तिले थांबवून दाखवला. ते म्हणे, बाई, महिनाभरात चौथ्यांदा दाखवून राह्यली.
पण पोट्टी आज जेवली नाई. खोदून विचारलं. दर मंगळवारी लस घेऊन टोल्यावर, जंगलातल्या वस्तीवर, पायी जाते, तिथी सागवनाच्या वळणावर एक मोटारसायकलवाला थांबते. पहिले पाणी मागतलं, मंग फोन नंबर. "बाबाले नको सांगू आजी, नोकरी सोडायले लावतीन." नाई सांगतलं.

१५ मार्च, रविवार
रू.नं मैत्रिणीकडून मिरचीचा फवारा आणला. बोटाएवढी डबी. कुठी ठेवू म्हणे. पर्समध्ये? मी म्हटलं, पर्स पहिले हिसकते. ओढणीच्या गाठीत? ओढणीच ओढीन तो.
मंग मीच शहाणी झाली. मोहाची टोपली डोक्यावर, उजवा हात टोपलीले, म्हणून विळा डाव्या कमरेले, लुगड्याच्या आत. जलमभर असाच खोचला. अस्वल दोनदा समोर आलं, दोनदा विळा हातात आला. (अस्वल आपल्यानंच पळालं, ते वेगळं.)
रू.च्या कुर्त्याले आतून डाव्या बाजूले खिसा शिवला. दहादा काढून दाखव म्हटलं, दहाही वेळा निघाली. दोघी हासत होतो. दिवाकर, माहा लेक, म्हणे, काय खेळून राह्यल्या? तुले काय करायचं, म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार
लसीचा डबा. पट्टा डाव्या खांद्याले, डबा बरोबर कमरेवर. माह्या खिशावर.
सात महिने तिले तो डबा घेऊन जातानी दारातून पाह्यलं. अन् शिवतानी डोक्यात माही मोहाची टोपली.
त्यानं गाडी आडवी लावली. उजवं मनगट धरलं. डाव्या हातानं खिसा शोधते तं मधात डबा. शेवटी डबाच उचलून हाणला त्याच्या तोंडावर. तो गाडीसकट पडला, रू. पळत टोल्यावर गेली. डबा फुटला, लस गेली. तिथी बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, तशाच उठल्या.
मनगट सुजलं. हळद लावली. मले काही बोलली नाई. बोलली असती तं बरं होतं.

१८ मार्च, बुधवार
दिवाकरले कळलंच.
"माय, तुले माहीत होतं?"
"हाव."
"अन् तू खिसे शिवत बसली?"
बापलेक ठाण्यात जाऊन आले. त्याचं नाव माहीत नाई, गाडीचा नंबर नाई, लिहून तेवढं घेतलं. दिवाकर म्हणे नोकरी बंद. रू. म्हणे, "बाबा, तो मोकळा फिरीन अन् मी घरी बसू?"
दुपारी खिसा उसवला. टाके लय बारीक घातले होते. हौसेनं.

२२ मार्च, रविवार
नवा डबा आला. रू. अंगणात डबा अडकवून चालते, थांबते, हात कुठवर पोचते पाह्यते. परत पहिल्यापासून. मी म्हटलं, उजवीकडं, जरा वर...
"आजी, तू नको सांगू."
हळूच म्हणे. पण म्हणे.
दिवाकर म्हणे, एक मंगळवार पाहू. फाट्यापर्यंत तो सोडीन. पुढचं त्यालेही काही सुचत नाई.

२४ मार्च, मंगळवार
गेली. निंगतानी विचारलं, डबी कुठी ठेवली?
"तुले दिसते का?"
वरून खाली पाह्यलं. फिरवून पाह्यलं. "नाई दिसत."
"मंग झालं."
मले दुसरंच विचारायचं होतं. दिसत नाई ते बरोबर, पण डबा खांद्यावर अन् एक हात दुसऱ्याच्या हातात, तेव्हा निघते का? जिभेवर आलं होतं. कोणत्या तोंडानं विचारू.
दिवाकर सोडून आला, खाटेवर बसला, चहा थंडा करून टाकला. टोल्यावरून यायले चार वाजते. आता तीन झाले. पारबताबाई आली होती, म्हणे, कोट कुठी दिसत नाई आज दोरीवर? म्हटलं, घालून गेली.