कापायला नको म्हणणारे डॉक्टर

प्रिय ताई,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असतो तर म्हणाली असतीस, पोट सुटलंय, वाकू नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी फोनवर खोकला गेल्याचं सांगितलं, पण सांगताना दोनदा खोकले, म्हणून तुलाच विचारतोय. आम्ही इकडे बरे आहोत. बरे म्हणजे कसे, ते सांगायलाच हे पत्र.

आमच्या चिमणीच्या पाठीचं तुला अर्धवट कळलं असेलच. ती बूट बांधायला वाकली आणि हिला तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली. मी दप्तरावर आळ घेतला. डॉक्टर म्हणाले, दप्तराचा दोष नाही, कणा एका बाजूला वळलाय, आणि का वळतो ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. (विम्याचे दावे तपासताना माझ्यासमोर असं कुणी बोललं असतं, तर मी त्याची फाइल तिथेच मिटली असती.) पुढे म्हणाले, मुलगी वाढीच्या वयात आहे, पाठीला ब्रेस घालू, व्यायाम करू, अधूनमधून एक्स-रे काढू, ऑपरेशन आत्ता नको. ऑपरेशन करणाऱ्यालाच ऑपरेशन नको! मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तेही तेच बोलले, अगदी त्याच क्रमाने. म्हटलं, दोघे एकाच कॉलेजातले असणार. (नव्हते. दोघांच्या भिंतींवरची प्रमाणपत्रं वाचून आलो.)

मग शेजारच्या काकूंनी एक मालिशवाला आणला. तेल लावून पंधरा दिवसांत कणा सरळ करतो म्हणाला. आवाज भारदस्त, नजर स्थिर. खरं सांगतो, या सगळ्या प्रकरणात माझा विश्वास बसला तो या एकट्यावर. हिने त्याला चहा पाजला आणि "आधी यांचं पोट सपाट करून दाखवा," म्हणून वाटेला लावलं.

तर ब्रेस आला. कडक प्लास्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंत, पट्ट्यांनी आवळायचा, झोपेतही घालायचा. चिमणी आधी रडली, मग चिडली, मग गप्प झाली. गप्प माणूस काहीतरी लपवत असतो, हा माझा धंद्यातला अनुभव. शाळेत काढून ठेवत असणार! शिवाय संध्याकाळी दार आतून लावून घ्यायची आणि आतून नुसती फुसफुस ऐकू यायची. शेवटी मी ऑफिसातून लवकर निघून शाळेत गेलो आणि सायकलींच्या आड उभा राहिलो. शिपायाने मला कॉलर धरून मुख्याध्यापिकाबाईंसमोर नेलं. ओळख पटवायला चिमणीला बोलावलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, ओळख देत नाही ही. मग स्वतःच्या पोटावर टकटक वाजवून म्हणाली, "घातलाय. तुम्हीपण वाजवून बघा."

बाहेर जिन्यात मी विचारलं, "मग दार का लावून घेतेस?"

"व्यायाम करते. पाठीची जी बाजू आत गेलीये, तिच्यात श्वास भरायचा असतो."

"मग आमच्यासमोर कर की."

"बाबा, तुमचं तोंड बघितलं की मला वाटतं, मी आता मरणारच आहे."

ताई, मी तिथेच पायरीवर बसलो. ती ब्रेसमुळे तशी चटकन बसू शकत नाही. कठड्याला टेकून उभी राहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लोक जात-येत होते, पण तिने हात काढला नाही.

आता व्यायामाच्या वेळी मी खोलीत असतो. तोंडासमोर पेपर धरून. अशी तिची अट आहे.

परवा नवा एक्स-रे झाला. डॉक्टर हसून म्हणाले, "बाक वाढलेला नाही." मी म्हटलं, "कमी का नाही?" ते म्हणाले, न वाढणं हेच तर हवं होतं, वाढ पुरी होईपर्यंत असंच चालू ठेवायचं. मी जुनी आणि नवी फिल्म उजेडाला धरल्या. हुबेहूब! म्हटलं, एकच दोनदा दाखवताहेत. तेवढ्यात जुनीवर तिच्या केसांतली पिन दिसली, नवीवर नव्हती. मग मात्र बाहेर जाऊन डोळे पुसले. डोळ्यात काही गेलं असं हिला सांगितलं. तिला संशय आला.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की सुट्टीत चिमणीला तुझ्याकडे यायचंय. एकटीला. तिच्या पाठीकडे टक लावून बघू नकोस, सारखं विचारू नकोस. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

ता. क. २ : ब्रेस घालते की नाही ते रोज गुपचूप फोन करून कळव.

ता. क. ३ : आत्या, बाबा पत्रं टपालात टाकायला माझ्याकडेच देतात. येताना त्यांनाही घेऊन येऊ का? इथे राहिले तर दिवसभर आईवर संशय घेतील, आणि आईकडे ब्रेस नाही.