बर्फ तोच, पगार दोन

चि. वैनो यास थोरल्या ताईचा, हातमोजा काढून लिहिलेला आशीर्वाद. गुडघा वाफेच्या न्हाणीत शेकतोस ना? की नगरपालिकेवर निवडून आल्यापासून गुडघ्यालाही तारीख द्यावी लागते? मी मजेत. बर्फ खिडकीपर्यंत आलाय, वेलचीचे पाव झकास फुगलेत. (शाळा माझी चारच हिवाळे, तेव्हा अक्षरांना हसू नकोस.)

एक कोडं पडलंय, आणि कोडं पडलं की मला फार बरं वाटतं. माझा नातू याल्मारी नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवतो, माझ्या फाटकापर्यंत. पुढचा रस्ता तुम्ही खासगी कंपनीला दिलात, तिथे शेजारणीचा ओक्को. गाडी तसलीच, बर्फ एकाच आभाळातला, पण ओक्कोला पगार जास्त. आता कंपनीने याल्मारीलाही बोलावलंय. गुरुवारी तुमच्या बैठकीत पगारवाढ झाली नाही तर तो जाणार. जास्तीचे पैसे नक्की कशाचे, ते बघायला मी सोमवारी खिडकीत खुर्ची टाकून बसले.

ओक्को सुसाट आला, वळला, अर्धा ढीग माझ्या फाटकात टाकून मोकळा. मागून याल्मारी. त्याने तो ढीग सारला, समोरच्या साइमीची गाडलेली पत्रपेटी उकरली, तिचं दार वाजवून म्हातारी उठलीय ना ते पाहिलं, मग कॉफीला आला. (कॉफीला नाही म्हणणं आपल्यात पाप, म्हणून ओक्कोलाही हात केला. तो उभ्यानेच प्यायला, घड्याळाकडे बघत.)

मी सरळ विचारलं, “ओक्को, तुला जास्त कशाचे मिळतात रे?”

“घाईचे, आजी. आमच्याकडे किलोमीटर मोजतात.”

“आणि याला कमी का?”

“त्याला नोकरीवरून कोण काढतंय? पेन्शनपर्यंत बसून कॉफी पिणार तो,” म्हणत त्याने दुसरा पाव उचलला.

याल्मारी म्हणाला, “म्हणजे माझा पगार या कपातनं कापतात. मग आजी, काठोकाठ भर.”

तिघं पोट धरून हसलो. पण ते गेल्यावर मी कप विसळत विचार करत राहिले, साइमीचं दार वाजवलं ते कुठल्या किलोमीटरात धरायचं? ओक्को काही वाईट नाही रे, त्याला कुणी थांबायचे पैसेच देत नाही. तुला उलगडलं तर कळव.

तुझी ताई, लेंपी

ता. क. गुरुवारी हात वर कर. दुखतोय तो गुडघा, हात नव्हे.

दुसरा ता. क. हे पत्र टपालाने येत नाहीये. याल्मारीच आणून देतोय, वाकडी वाट करून, नगरपालिकेच्या गाडीतून, कामाच्या वेळात. त्याला कॉफी दे, आणि बैठकीत यातलं एक अक्षर काढू नकोस.