ईदेनंतर पुन्हा या

१० मार्च, पादांग

आज ऑफिसात माझी चांगलीच शोभा झाली! बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटं काढून देणारं आमचं अ‍ॅप — बंदराच्या सर्व्हरनं हाकलून दिलं. तो बिचारा सांगत होता, "गर्दी आहे, दोन मिनिटांनी पुन्हा विचार." आणि माझा कोड दर सेकंदाला — मिळेल का? मिळेल का? मिळेल का?

हेंद्रीदादा ओरडले, "युस्रा, समोरचा वेळ सांगतोय, ती वाच तरी!" वाचत नव्हतेच. येणारी वेळ सरळ टाकून देत होते.

त्यात तो सर्व्हर सांभाळतो कोण? फिक्री! मागच्याच आठवड्यात माझे मामा त्याच्या घरी मागणी घालून आले — आमच्याकडे मुलीकडचेच मुलाला मागणी घालतात. त्याचे मामा म्हणाले, "ईदेनंतर आठवड्यानं पुन्हा या, उत्तर देऊ." आज फिक्रीनं फोन केला — "कोड अगदी तुझ्यावर गेलाय!" हसत होता मेला.

१२ मार्च

कोड थांबायला शिकला. पण सगळे फोन बरोबर दोन मिनिटांनी एकदम धडकले — झुंबड! मग कुणाला तीन सेकंद जास्त थांबवलं, कुणाला सात. आता तिकिटं कशी शिस्तीत निघतायत!

१३ मार्च

"मामा, फिक्रीकडे एक चक्कर टाका ना."

"कालच गेलो होतो! त्याच्या आईनं दारही अर्धंच उघडलं. उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग!"

बरं. आता गप्प. अगदी गप्प.

३१ मार्च

ईद. रेंदांगवर आडवा हात मारला. फिक्री समोर आला, तर नुसतं ईद मुबारक म्हणून सटकले. शाब्बास युस्रा!

७ एप्रिल

आठवडा झाला. आज उत्तर येणार! नवी ओढणी घेऊन दिवसभर ओट्यावर बसले.

कुणी आलं नाही.

१० एप्रिल

नकारच आहे. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून गप्प बसलेत. खूप रडले. मामांनी केळ्याची भजी आणली. रडत रडत सगळी खाल्ली.

११ एप्रिल

फिक्रीचा फोन. "बंदरात काय अडलं आता?" मी तुसडेपणानं विचारलं.

"बंदरात नाही गं, घरात! माझे मामा सोमवारपासून रोज कॉफी मांडून बसतात. 'हो' केव्हाचं तयार आहे. पण विचारायला कुणी येतच नाही! पुन्हा या म्हटलं होतं ना? मुलाकडचे आपणहून कसे येणार?"

या अल्ला!

मामा! चपला घाला!